सरांचं नाक आणि बिनवासाचा वायू

जगात जे काही बिघडलं आहे ते चुकीच्या द्रावकामुळे बिघडलं आहे, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या वाट्याला दोनदा आला. पहिल्यांदा साताऱ्याच्या कॉलेजात, मी एम.एस्सी.ला असताना, रसायनशास्त्राचे सर म्हणून; आणि दुसऱ्यांदा वीस-बावीस वर्षांनी सांगलीत, आमच्या हळदीच्या तेलाच्या कारखान्यात, कोणी न नेमलेले सल्लागार म्हणून. द्रावक म्हणजे ज्यात दुसरी वस्तू विरघळते ते. चहात साखर विरघळते, तिथं पाणी हे द्रावक. एवढी साधी गोष्ट आहे. पण सर ती कुठंही लावत. कोणाचा मुलगा नापास झाला, कोणाची सून माहेरी जाऊन बसली, गावात नवी बँक बुडाली, की सर चष्मा पुसत म्हणायचे, "वस्तू वाईट नसते गं. ती कशात घातलीये ते बघ." ऐकणाऱ्याला वाटायचं, मोठं तत्त्वज्ञान सांगताहेत. ते फक्त रसायनशास्त्र सांगत असायचे.

सरांचं सगळं भांडवल त्यांच्या नाकात होतं. ते नाक दिसायला साधंच, जरा बसकं. पण प्रयोगशाळेच्या दारात उभं राहून, आत न बघता, कुठल्या टेबलावरची कुठली बाटली उघडी राहिली आहे ते सांगायचे. एकदा आमच्या वर्गातल्या मुलांनी टोल्युइनच्या बाटलीत नळाचं पाणी भरून ठेवलं आणि सगळे माना खाली घालून कामाला लागले. सर दारात थांबले, एक श्वास घेतला आणि म्हणाले, "आज टोल्युइनला सुट्टी दिलीत वाटतं? अर्ज कुठाय?" त्यानंतर कोणी प्रयत्न केला नाही. पण ह्या नाकाचा त्यांना जितका अभिमान होता, तितकाच त्यात शिरणाऱ्या वासांचा राग. त्यांच्या तरुणपणी बेंझिननं हात धुवायची पद्धत होती, साबणाने धुवावेत तसे. त्यांच्याबरोबर शिकलेल्यांपैकी काही जण वेळेआधी गेले. सर ते कधी रंगवून सांगत नसत. फक्त कोणी वर्गात बेंझिनची बाटली उघडी टाकली तर वर्ग सोडून द्यायचे आणि दिवसभर कोणाशी बोलायचे नाहीत.

घरी काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, ह्या नाकाबरोबर संसार करावा लागला. घरात डांबराच्या गोळ्या नाहीत, नेलपॉलिश नाही, भिंतींना ऑइलपेंट नाही. ड्रायक्लीन करून आणलेली साडी आधी तीन दिवस बाहेर वाऱ्यावर, मग कपाटात. "माझा लग्नातला शालू ह्यांनी तीन दिवस दोरीवर टांगला होता," काकू सांगायच्या, "शेजारणींना वाटलं, विकायला काढलाय. एक तर किंमत विचारायला आली." सर मध्येच म्हणायचे, "तिला मी खरं काय ते सांगितलं." काकू म्हणायच्या, "हो, पाऊण तास सांगितलं. पुन्हा ती आपल्याकडे आली नाही."

एस.टी.तला प्रसंग तर माझ्यासमोरचा आहे. सांगलीहून साताऱ्याला एकत्र निघालो होतो. आष्ट्याला एक मुलगी चढली, खिडकीशी बसली आणि बाटली काढून नखांचा रंग पुसायला लागली. सर दोन सीट मागे होते. उठले, तिच्याजवळ गेले आणि ॲसिटोन हा पदार्थ काय आहे, तो हवेत किती पटकन जातो आणि हवेतून कुठं जातो, हे तिला इस्लामपूरपर्यंत समजावून सांगितलं. मुलगी रडकुंडीला आली. शेवटी कंडक्टर मध्ये पडला. "आवं आजोबा, सोडा की! तिनं तिकीट काढलंय न्हवं?" सर म्हणाले, "तिनं काढलंय. ॲसिटोननं काढलेलं नाही." अख्खी गाडी हसली, ती मुलगीसुद्धा. बाटलीचं झाकण मात्र तिनं लावलं.

ज्याला वास नाही आणि जे उडून जात नाही, अशा द्रावकाच्या शोधात सरांनी निवृत्तीनंतरची वर्षं घालवली. त्यांच्या साताऱ्याच्या घरात बाहेरच्या खोलीत, टीव्हीशेजारी, एक छोटी बाटली असायची. बिनझाकणाची. आत मधासारखं दाटसर काहीतरी. पाहुणा टेकला की सर ती त्याच्या नाकाखाली धरत. वास नाही. "मीठ आहे हे," सर म्हणायचे. पाहुणा बाटलीकडे, मग काकूंकडे बघायचा. मग सर सांगायचे की आपलं जेवणातलं मीठ वितळवायचं तर आठशे अंशांची भट्टी लागते, आणि हे मीठ खोलीत बसल्याबसल्या पातळ आहे. का? तर त्याच्यातले दोन भाग एकमेकांना इतके विजोड, एक थोराड आणि वेडावाकडा, दुसरा लहानखुरा, की कितीही जवळ आले तरी एकमेकांत नीट बसत नाहीत. रांग लागत नाही म्हणून खडा बनत नाही. आयनिक द्रव म्हणतात त्याला. आतून काकूंचा आवाज यायचा, "आमच्या दोघांसारखं!"

ह्या बाटलीवर सरांनी पेनानं खूण केली होती. वर्षानुवर्षं उघडी ठेवूनही थेंबभर कमी होत नाही, हे लोकांना दाखवायला. पण एका पावसाळ्यात द्रव खुणेच्या वर गेला. वर! सरांचा पहिला संशय काकूंवर. देवपूजा करता करता तीर्थ सांडलं असेल, नाहीतर मुद्दाम चेष्टा केली असेल. काकू म्हणाल्या, मी हात लावलेला नाही. तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी सरांनी बाटली तराजूवर ठेवली, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आणि लक्षात आलं की हे मीठच साताऱ्याच्या पावसाळी हवेतलं पाणी पिऊन बसलंय. चूक कबूल करायची सरांची पद्धत लेखी होती. त्यांनी बाटलीवर चिठ्ठी चिकटवली: 'हवेतलं पाणी शोषते. पत्नी निर्दोष.' ती चिठ्ठी पुढं कित्येक वर्षं तशीच होती आणि येणारा प्रत्येक जण आधी तीच वाचायचा.

त्यातच त्यांनी उसाची चिपाडं विरघळवली. कराडकडच्या एका साखर कारखान्यातून चिपाडाची पिशवी आणली, काकूंच्या मिक्सरमध्ये दळली, आणि त्या मिठात टाकून तापवली तर खरंच विरघळली. मिक्सर गेला तो गेलाच. मी एकदा विचारलं, "मग सर, हाच का तुमचा निर्दोष द्रावक?" सर म्हणाले, "उडत नाही म्हणून हवेत जात नाही, एवढंच मी सांगतो. उद्या नदीत गेला तर मासे काय म्हणतील, ते अजून त्यांना कोणी नीट विचारलेलं नाही." हा त्यांचा गुण मला फार आवडायचा. ज्याच्या प्रेमात पडले त्याचीही ते खोटी तारीफ करत नसत.

अपवाद एकच. कार्बन डायऑक्साइड. आपण श्वासातून सोडतो तोच, सोडावॉटरच्या बाटलीतला. ह्या वायूबद्दल बोलताना सरांचा आवाज बदलायचा. एकतीस अंशांच्या वर तापवा, हवेच्या दाबाच्या त्र्याहत्तर पटीपेक्षा जास्त दाबा, की तो ना वायू राहतो ना द्रव. वायूसारखा कुठल्याही फटीत शिरतो आणि द्रवासारखा तेल विरघळवून घेतो. मग दाब सोडायचा, की तेल खाली पडतं आणि हा मोकळा. "लग्नघरातल्या आत्याबाई गं!" सर म्हणायचे. "कुठल्याही खोलीत शिरणार, सगळ्यांच्या पोटातलं काढून घेणार, आणि दाराबाहेर पडल्याबरोबर सगळं ओतून रिकाम्या!" आणि वर पुन्हा, "एकतीस अंश तर सांगलीत फुकट मिळतात. फक्त दाबाचं बघायचं."

सांगलीत म्हणजे आमच्याकडे. माझं सासर हळदीच्या व्यापारातलं. लग्नानंतर मी तेलाचा छोटा कारखाना काढला. हळदीच्या भुकटीतून तेल आणि रंग काढायला आम्ही हेक्झेन वापरायचो, सगळेच वापरतात. हेक्झेन म्हणजे पेट्रोलचं चुलत भावंड. काम चोख करतं, स्वस्त आहे, नंतर उडवून टाकलं की तेल उरतं. सर पहिल्यांदा आले तेव्हा फाटकाशीच थांबले. "हेक्झेन," म्हणाले. "आणि गळतंय. उजव्या हाताला, तिसऱ्या खांबापाशी." मी म्हटलं, सर, आधी चहा घ्या. चहा होईपर्यंत माणूस पाठवला. तिसऱ्या खांबापाशी नळाचा वायसर गेला होता.

त्या दिवसापासून सर दर मंगळवारी साताऱ्याहून पहिल्या गाडीने यायला लागले. मी बोलावलं नव्हतं. नको म्हणायचीही सोय नव्हती, कारण ते येऊन कोणाचं काही अडवत नसत. भुकटी बघायचे, मजुरांना मास्क लावायला सांगायचे, डबा खायचे, तेलाची बाटली माझ्यापुढे धरून "आधी तू सांग" म्हणायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत. दोन वर्षं त्यांनी मला त्या कार्बन डायऑक्साइडबद्दल सांगितलं. मी दोन वर्षं ऐकून सोडून दिलं. एका मंगळवारी मात्र ते डबा बाजूला ठेवून म्हणाले, "मुली, माझ्या प्रयोगशाळेतून पस्तीस वर्षं पोरं संध्याकाळी डोकं धरून घरी गेली. मला एक जागा बघायची आहे, एकच, जिथं रसायनाचं काम चालतं आणि दारात उभं राहिल्यावर फक्त मालाचा वास येतो. मग मी तुला त्रास देणार नाही."

त्रासाचं काही नव्हतं. पण मी एका बंद पडलेल्या अत्तराच्या कारखान्यातलं, त्याच वायूवर चालणारं जुनं मशिन बघून आले आणि घेतलं. माझा नवरा व्यापारी माणूस. त्यानं एकच अट घातली. नव्या हळदीचा हंगाम पाडव्याला सुरू होतो. दसऱ्यापर्यंत ह्या मशिनचा माल एखाद्या गिऱ्हाइकानं पसंत केला तर ते राहील, नाहीतर मिरजेचा भंगारवाला येऊन घेऊन जाईल आणि त्या जागी हेक्झेनची आणखी एक टाकी बसेल. सर म्हणाले, "मंजूर." मला विचारलंच नाही.

मशिन आलं आणि कळलं की ते आमच्या शेडपेक्षा दहा फुटांनी उंच आहे. पत्रे उचलायचे म्हणजे महिना जाणार. खड्डा खणून मशिन आत उतरवणं चार दिवसांचं काम. ही अक्कल माझी. सरांनी टेप धरून खड्ड्याची मापं स्वतः घेतली आणि "उत्तम" म्हणाले. मशिनवर तात्यांना नेमलं. तात्या आमचे जुने कामगार, हरिपूरचे. तरुणपणी हळदीच्या पेवांवर काम केलेले. पेव म्हणजे जमिनीत खणलेली खोल कोठी, तोंड अरुंद, पोट मोठं. हरिपूरला पूर्वी हळद अशीच साठवत. महापुरात पेवं गेली आणि तात्या आमच्याकडे आले. खड्डा बघून ते काहीतरी पुटपुटले होते. मी कामाच्या घाईत होते. विचारलं नाही.

पहिला लॉट निघाला तो फिकट. हळदीचं तेल म्हटल्यावर सांगलीत कोणालाही डोळ्यांत भरेल असा पिवळाजर्द रंग हवा असतो. आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकानं बाटली उजेडात धरली, उलटी केली आणि म्हणाला, "वैनी, हळद घालायची राहिली काय ह्यात?" नवरा माझ्याकडे न बघता कॅलेंडरकडे बघायला लागला. सर मात्र खूश. हळदीचा पिवळा रंग ह्या वायूत फारसा विरघळतच नाही, तो भुकटीत मागं राहतो; येतो तो फक्त वास. "मग रंगाच्या माणसाला विकतेस कशाला? वासाच्या माणसाला वीक!" मी मलमं आणि साबण करणारं एक गिऱ्हाईक शोधलं. त्यांना बाटली पाठवली. त्यांनी कळवलं, उत्तम आहे, पण सलग तीन लॉट अगदी सारखे निघाले तरच करार करू.

पहिला लॉट पसंत. दुसरा पसंत. तिसरा दसऱ्याच्या आधीच्या मंगळवारी लावला. सर सकाळपासून खड्ड्याच्या काठाला खुर्ची टाकून बसलेले, मुलीच्या लग्नात बाप बसतो तसे. दुपारी आम्ही जेवायला उठलो. परत आलो तर दाबाचा काटा शून्यावर. खालच्या सांध्यातली रबरी चकती, गॅस्केट, फाटून सगळा वायू निघून गेला होता. सर खड्ड्याच्या तोंडाशी वाकले, नेहमीसारखा लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "कशाचाच वास नाही. गेला उडून." आणि शिडीवर पाय ठेवला.

मी एम.एस्सी. झालेली बाई. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो हे मला शाळेपासून पाठ. सरांनी तर पस्तीस वर्षं शिकवलं. आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही की तो उडून जाणार नाही, खड्ड्यात साचून राहणार. इतका स्वच्छ, इतका गुणी वायू! सर चार पायऱ्या उतरले. तेवढ्यात मागून तात्यांचा आवाज आला. मी त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. "मास्तर! उतरू नगा! आवं पेव हाय त्ये, पेव!"

सर थांबले, वर बघितलं, काही म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांचा हात शिडीवरून सुटला. तात्यांनी पोटावर पडून त्यांना काखेत धरलं, मी शर्टाला, आणि दोघांनी मिळून वर ओढलं. चेहरा चुन्यासारखा पांढरा. दोन मिनिटांनी डोळे उघडले तेव्हा पहिलं वाक्य, "काही गळलं असतं तर मला वास आला असता."

"त्येला वास नसतोय, मास्तर!" तात्या रागानं ओरडले. "माझा चुलता असाच उतरला हुता पेवात. वास न्हाई, रंग न्हाई, खाली गेला त्यो वर आलाच न्हाई. आमी पेव उघडलं की दीस दीस वारं खाऊ द्यायचो, मग कंदील सोडायचो. इझला की उतरायचं न्हाई. सोडून दाखवू का आता कंदील?"

"खबरदार!" सर अर्धवट शुद्धीत ओरडले. "शेजारी हेक्झेन आहे!"

मला तशातही हसू आलं. सरांना धरून बाहेर बदामाच्या झाडाखाली आणून बसवलं. नवऱ्यानं पाणी आणलं. तिथंच हेक्झेनचं एक पिंप होतं, कोणीतरी बूच नीट लावलं नव्हतं. मी पदर नाकाला लावला. नवऱ्यानं रुमाल काढला. तात्या खोकायला लागले. सर पिंपापासून हातभर अंतरावर बसून शांतपणे पाणी पीत होते.

मी नवऱ्याला आणि तात्यांना कामाला लावून आत पाठवलं. मग विचारलं, "सर, कधीपासून?"

त्यांनी पिंपाकडे बघितलं, मग माझ्या पदराकडे. "दोन वर्षं झाली," म्हणाले. "एक साधा ताप आला होता. तो गेला आणि जाताना घेऊन गेला. काकूला बोलू नकोस. तिला वाटेल, आता ह्यांच्याजवळ काय उरलं?"

म्हणजे ते "आधी तू सांग" मला शिकवण्यासाठी नव्हतं. आणि ज्या जागेसाठी ते दर मंगळवारी चार-पाच तास एस.टी.त बसत होते, ती तयार झाली तरी तिथला वास त्यांना येणार नव्हता. मी उठून पिंपाचं बूच लावलं.

सर उभे राहिले. "गॅस्केट बदल. उद्या लॉट लाव, दसऱ्याला चार दिवस आहेत. मी काठावरच बसेन, खाली उतरत नाही."

"नाही," मी म्हटलं.

"मुली, तिसरा लॉट आहे. भंगारात जाईल सगळं."

"गेलं तर जाऊ दे. मशिन खड्ड्यातून वर येईपर्यंत एक बटण दाबायचं नाही. खड्डा मी खणलाय."

सर माझ्याशी पहिल्यांदाच भांडले. म्हणाले, तू घाबरट आहेस, तुला व्यवहार तेवढा कळतो. मी म्हटलं, हो. संध्याकाळच्या गाडीत मी त्यांना बसवून दिलं. खिडकीतून त्यांनी नेहमीसारखा हात केला नाही.

दसऱ्यानंतर भंगारवाला आला. नवरा ऑफिसातून बाहेर आला नाही. त्यानं त्या दिवशी सरांचा चेहरा पाहिला होता. मी भंगारवाल्याला शिडी दिली, चार गंजलेली पिंपं दिली आणि वाटेला लावलं. मग पत्रे उचलले. महिना नाही, तीन महिने लागले. मशिन जमिनीवर आलं, चारी बाजूंनी वारा खेळायला झडपा, भिंतीवर हवेतला प्राणवायू मोजणारं यंत्र. तात्यांनी त्या यंत्रावर विश्वास ठेवला नाही. ते आजही आत जाण्याआधी दार उघडून पाच मिनिटं बाहेर तंबाखू मळत उभे राहतात. खड्डा बुजवला. हेक्झेनचा विभाग बंद झाला नाही, हे खरं सांगायला हवं. पिवळा रंग विकणारी गिऱ्हाइकं आहेत, त्यांना तो लागतो. पण ती शेड वेगळी आणि ही शेड वेगळी, मध्ये रस्ता. संक्रांतीच्या सुमारास पुन्हा पहिल्यापासून तीन लॉट काढले. तिन्ही पसंत झाले. मशिन राहिलं.

सर त्या तीन महिन्यांत आले नाहीत. फोनवर काकू म्हणायच्या, गुडघा दुखतोय. मी करार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी काढली, तिसऱ्या लॉटची बाटली घेतली आणि साताऱ्याला गेले. सर बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत होते. वाळले होते जरा. मी भांडणाचा विषय काढला नाही, त्यांनीही नाही. मी फक्त म्हटलं, "सर, मशिन राहिलं. आणि त्या शेडच्या दारात उभं राहिलं की फक्त हळदीचा वास येतो." त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले.

काकू चहा टाकायला आत गेल्या. मी कागदाची बारीक पट्टी काढली, तेलात बुडवली, त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती सवयीनं नाकाशी धरली, स्वयंपाकघराकडे बघत मोठ्यानं "वा!" म्हटलं आणि पट्टी मला परत दिली. हळूच म्हणाले, "सांग."

"चांगला आहे."

"चांगला म्हणजे? नीट सांग."

मला वर्णनं जमत नाहीत. आमच्या सर्टिफिकेटवर वासाच्या रकान्यात मी 'स्वाभाविक' एवढंच लिहिते. तरी सांगायला लागले. "लोणच्यासाठी ओली हळद चिरतो ना सर, तेव्हा बोटांना येतो तसा. मग थोडं आलं. आणि मागून लाकूड. नवीन दाराचं, रंग न लावलेलं."

त्यांनी डोळे मिटले होते. "अजून?"

तेवढ्यात काकू ट्रे घेऊन आल्या, टेबलावर ठेवला आणि माझ्या हातातली पट्टी काढून घेतली. "आण इकडं. ह्यांना काय विचारतेस? दोन वर्षं झाली, आमटी करपली तरी बोलत नाहीत."

सरांनी डोळे उघडले. "तुला माहीत होतं?"

"मी दोनदा मुद्दाम करपवली," काकू म्हणाल्या. "खात्री करायला नको?"

काकू त्यांच्या खुर्चीच्या हातावर टेकल्या, पट्टी नाकाशी धरली आणि सांगायला लागल्या. माझ्यापेक्षा किती तरी चांगलं सांगत होत्या. हळदीच्या पानातल्या पातोळ्या उकडतानाचा, म्हणाल्या, झाकण काढल्या काढल्या. मग कापलेल्या गाजराचा थोडा. मला अंधार पडायच्या आत सांगली गाठायची होती, म्हणून मी चहा संपवला आणि उठले. दारात चपला घालताना दोघांचे आवाज ऐकू येत होते. कागदावरचं तेल आता उडून चाललं असणार.

"आणि आता?" सर विचारत होते.

"आता जरा कमी झाला."

"आणि आता?"